चंपाच्या टाचा

अमावास्येचा दिवस, तिसगावजवळचा आमचा मळा आणि सकाळीच चुलीत तापत ठेवलेला विळा... माझ्या धाकट्या बहिणीच्या टाचांना डाग द्यायचा होता. स्वातंत्र्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी आता नव्वदीला टेकले, तरी तो विळा डोळ्यासमोरून हलत नाही. (मी बोलतेय, नात टाईप करतेय. चुका तिच्या!)

चंपा तेव्हा पाच वर्षांची. बोलायची नाही, हाक मारली तर वळायची नाही, कुणाच्या डोळ्यात बघायची नाही. पातेल्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवत बसली की भुकेचंही भान नसायचं.

उपाय काय कमी केले? जिभेला वेखंड उगाळून लावलं, पोपटाचा उष्टा पेरू चारला. पाठीमागे उभं राहून थाळी बडवली... चंपा ढिम्म, दारातलं कुत्रं मात्र पळून गेलं. बहिरी आहे म्हणून सगळ्यांनी हात टेकले.

आणि त्या उन्हाळ्यात नवंच सुरू झालं. चंपा उलटी चालायला लागली. थोडी पावलं पुढे जायची, मग तोंड न वळवता तशीच मागे मागे यायची... अंगणात, ओसरीवर, घरी असली की सारखी. आता उलट्या पायांची कोण असते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. हडळ!

आमच्या आत्याचं तर धाबंच दणाणलं. आत्या वाईट नव्हती हो... लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, चंपाला घास भरवायची ती तीच. देवऋषी म्हणाला, अमावास्येला टाचांना डाग द्या, हडळ टाचेतून निघून जाते. आत्या रात्रभर रडली आणि सकाळी विळा तिनेच चुलीत ठेवला.

दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बायकांची असली भीती बाप्यांच्या कानावर घालायची नाही, अशी घराची रीत! ते उजाडताच मोटेवर जायचे आणि चंपा त्यांच्या मागे. विहिरीवर ती शांत असायची, म्हणून कुणी अडवायचंही नाही.

त्या दिवशी दादांची भाकरी द्यायची आणि चंपाला डाग द्यायला घरी आणायचं, म्हणून आई निघाली. मी तिचा पदर धरून.

मोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. बैल उतारावरून पुढे जातात, तशी त्यांच्या दोराला बांधलेली चामड्याची मोठी पिशवी, म्हणजे मोट, विहिरीतून भरून वर येते. ती रिकामी झाली की बैल वळत नाहीत, उलट्या पावलांनीच मागे सरकतात आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते.

दादांनी सुरात हाळी दिली, "मागं रं राजा, मागं..." बैल मागे निघाले. आणि बैलांच्या कडेने, अगदी त्यांच्याच चालीने, आमची चंपा मागे निघाली. "चल रं राजा, चल..." म्हटलं की सगळे पुढे!

आई बघतच राहिली. आधी हसली, मग मटकन खाली बसून रडायलाच लागली. "आवं, ही तर बैलाचं चालनं चालतीय!" दादांना काही कळेना. "व्हय, मग? रोजचंच हाय की," ते म्हणाले.

आईने चंपाला उचललं आणि घर गाठलं. आत्या चुलीपाशी तयारच होती, विळा लाल झालेला. आईने चंपाला तिच्याजवळ उभं केलं, स्वतः अंगणाच्या पार टोकाला गेली आणि दादांच्या सुरात म्हणाली, "चल रं राजा, चल..."

चंपा हलली नाही. हातात झाकण होतं, तेच फिरवत राहिली. आईने त्याच सुरात पुन्हा हाळी दिली. चंपाच्या हातातलं झाकण थांबलं आणि ती सरळ चालत आईपाशी आली.

जन्मात पहिल्यांदा माझी बहीण हाकेला आली होती.

"आवं वन्सं, पोरीला समदं ऐकू येतंय," आई म्हणाली. "आपुनच बोलवायला चुकत हुतो."

आत्याने विळा घेतला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. चर्र झालं. मग डोळे पुसत म्हणाली, "मला म्हनू द्या की एकदा..." आत्याचा सूर म्हणजे आनंदच होता, पण चंपा तिच्याकडेही गेली.

मग घरात सगळंच त्या सुरात सुरू झालं. जेव रं राजा, न्हा रं राजा... शब्द थोडे, रोज तेच, घाई नाही. पुढे दादांनी तिला नगरला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या बाई जमिनीवर बसून बराच वेळ चंपाचा खेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, बहिरी नाही, झपाटलेली तर मुळीच नाही, हिची वाढ वेगळी आहे. औषध माझ्याकडे नाही, तुम्ही चालवलंय तेच चालू ठेवा आणि मारू नका. नाव मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

नाव मला परवा कळलं... पणतूला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा. ऑटिझम. त्याच्या आईला तिथल्या मॅडम शिकवत होत्या, त्याला आवडतं तिथून सुरुवात करा, थोडकं बोला, रोज तसंच बोला. मला आई आठवली आणि तिथेच रडू फुटलं. तुमच्या घरात असं लेकरू असेल तर वेळेत दाखवा रे बाबांनो, लाजू नका.

चंपा मोजकंच बोलली, पण आयुष्यभर आमच्यात राहिली, मळ्यात राबली. म्हातारपणी ती गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ मीच घातली. टाचांना भेगा होत्या, शेतात चालणाऱ्या कुठल्याही बाईच्या असतात तशा. डाग एकही नव्हता.