लाल दोऱ्याची डावी बाजू

उशीर झाला, माफ करा मंडळी... रविवारचं आज गुरुवारी लिहितोय. रोज टाईप करायचो आणि भीतीनं पुसून टाकायचो. शिक्षण सातवीपर्यंतच, चुका पोटात घाला.

आमच्या दवाखान्यात रविवारी मोठं काम निघालं! मी तिथं सर्व्हर रूमचा एसी बघतो, दर तासाला तापमान वहीत लिहितो. त्याआधी चाळीस वर्षं वडगावात मागावर साड्या विणल्या.

त्या खोलीत स्टोरेजची पेटी आहे. सगळ्या पेशंटांचे सीटी, एमआरआयचे फोटो तिच्यात असतात. तिचे दोन सारखे भाग, डावा आणि उजवा... एक बंद असला की दुसरा सगळं सांभाळतो.

दोन्हींची जुनी नेटवर्क मोड्यूल काढून नवीन, जास्त स्पीडची बसवायची होती. एका वेळी एकच भाग बंद करायचा, म्हणजे दवाखाना चालूच राहतो. मला आदल्या दिवसापासून जेवण जाईना... आणि बघायची हौसही तेवढीच.

हुबळीहून श्वेता नावाची इंजिनीअर आली. माझ्या नातीच्या वयाची, मराठी तोडकंमोडकं, पण हात एकदम सफाईदार. मी तिला तीनतीनदा विचारलं... लाईट गेली तर, स्क्रू पडला तर, डॉक्टरांना सांगितलंय ना...

आमचे कॉम्प्युटर विभागाचे पाटील सर हसले. "आप्पा, तुमास्नी बघून पेटीलाच ताप यील. बसा बघू जरा."

बसलो. श्वेतानं कॉम्प्युटरवरून डावा भाग बंद केला आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून, ऑपरेशन थिएटरमधून फोन आला. निपाणीकडची एक म्हातारी जिन्यावरून पडली होती, डोक्यात रक्त साकळलं होतं, ऑपरेशन लगेच सुरू करणार होते. डॉक्टर तिचे फोटो स्क्रीनवर बघत बघतच काम करणार.

थांबायचं का, सरांनी विचारलं. श्वेता म्हणाली, पेटी अशी एका पायावर ठेवण्यापेक्षा हा भाग पटकन बसवून चालू करू. पटलं सगळ्यांना.

ती पेटीच्या मागे गेली. केबलींची लेबलं गळून पडलेली, म्हणून गेल्या महिन्यात सरांनी मला डाव्या भागाच्या केबलींना खूण करायला सांगितलं होतं. मी साडीचा लाल दोरा बांधला होता. श्वेतानं लाल दोरा बघितला आणि त्या भागाच्या मोड्यूलला हात घातला.

मी ताडकन उठलो... मागावर डावं-उजवं कायम विणणाऱ्याच्या बैठकीवरून धरतात. तुटलेला धागा जोडायला मागच्या अंगाला गेलं तरी डावं तेच राहतं. मी दोराही तसाच बांधलेला, पेटीच्या पुढून धरून. आणि या पेटीचं डावं-उजवं मागून धरतात, असं श्वेता सकाळीच म्हणाली होती...

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. नोकरी कंत्राटी, वय एकोणसत्तर... पण वर ती म्हातारी टेबलावर होती.

"बाई, ओढू नको. दोरा मी उलटा बांधलाय."

श्वेता तशीच थांबली. वाकून बघितलं तर लाल दोऱ्याच्या भागाचा हिरवा दिवा लुकलुकत होता... तोच भाग चालू होता! ओढला असता तर वरच्या सगळ्या स्क्रीन काळ्या झाल्या असत्या.

सरांचा चेहरा उतरला. "ह्ये आधी सांगायचं न्हाय व्हय, आप्पा?" मी म्हटलं, मलाच आत्ता कळलं. श्वेतानं कपाळ पुसलं, आणि कानडीत आजोबांना म्हणतात तशी हाक मारली. "अज्जा, हात लावायच्या आधी दिवा मी बघायला पाहिजे होतं. चूक दोघांची."

मग तिनं बरोबर भागाचं मोड्यूल काढलं, नवीन बसवलं. थोड्या वेळानं तो दिवाही हिरवा झाला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या... या वयात! दुसरा भाग मात्र ऑपरेशन संपल्याचा निरोप आल्यावरच काढला. आधी फोटो उघडेपर्यंत चहा निवायचा, आता बोट लावलं की समोर.

दोरे मी त्याच दिवशी सोडून नीट बांधले. सरांनी दोनदा तपासले, मी पाच वेळा. कामावरून काढलं नाही, त्यांचे उपकार आहेत.

पण मन थाऱ्यावर नाही. मंगळवारी म्हातारीला घरच्यांनी गावाकडच्या दवाखान्यात हलवलं, नाव-पत्ता इथं कुणी सांगत नाही आणि ते बरोबरच आहे. निपाणीकडचं कुणी तिला ओळखत असेल, तर नाव नको, फक्त एवढंच लवकर कळवा... ती बोलायला लागली का?