टेम्पोभर झावळ्या घेऊन कोल्हापूरला

लोक कोल्हापूरला निघताना बॅगा भरतात. मी आणि मामूंनी टेम्पोत भरल्या नारळाच्या हिरव्यागार झावळ्या, आंब्याच्या मनगटाएवढ्या फांद्या आणि वर थोडा शेवगा. कपड्यांची पिशवी पुढे पायात. मामीने दिलेला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा माझ्या मांडीवर. पनवेल सोडेपर्यंत सगळ्या केबिनला सुकटीचा वास लागला होता, आणि खरं सांगू, परदेशात राहून मला त्या वासाचीच भूक लागलेली असते.

मी सलालाला असतो, ओमानमध्ये. तिथे नारळाच्या बागा आहेत, अगदी आपल्याकडच्यासारख्या. बागा साफ करणाऱ्या कंपनीत मी कामाला आहे. झाडावर चढून झावळ्या उतरवायच्या आणि चिपरमध्ये ढकलायच्या, हे माझं काम. चिपर म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं मशीन. सुट्टीवर घरी आलो तर मामू माझीच वाट बघत बसलेले. त्यांच्याकडे बावीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर आहे. पनवेलजवळच्या नेऱ्याकडच्या फार्महाऊसच्या बागांची साफसफाई ते करतात आणि घर चालतं ते त्याच कामावर. पालापाचोळा, झावळ्या तिथेच एका कोपऱ्यात जाळायचे. आता प्लॉटवाल्यांच्या कमिटीने सांगितलं, धूर बंद. ट्रॅक्टरला चिपर जोडून आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो.

मामीला माझ्यावर भरवसा नव्हता. हा सातवीतून शाळा सोडून पळाला, एका नोकरीत दोन वर्षं टिकत नाही, याच्या सांगण्यावर एवढ्या मोलाची वस्तू घेणार का, असं तिने माझ्यासमोरच विचारलं. मामू चहा पीत होते. कप खाली ठेवून एवढंच म्हणाले, "रोज मशीनला झावळ्या चारतो तो हा, मंग नेऊ कोनाला?"

झावळ्या सोबत न्यायची कल्पना माझी. दुकानदार त्याच्या सोयीचं लाकूड कापून दाखवणार, आपण आपलं घेऊन जाऊ. मामूंना ते एकदम पटलं. उरणच्या बंदरावर मासळी घेताना ते गालफडं उघडून बघितल्याशिवाय पैशाला हात लावत नाहीत.

जायचं असेल तर पहाटे निघा. आम्ही जुन्या रस्त्याने गेलो. खोपोलीला वडा-चहा, मग घाट. हलक्या भाराच्या टेम्पोला घाट जड जात नाही, पण झावळ्या बांधताना दोर दोनदा आवळा. आमच्या झावळ्या वाऱ्याने इतक्या फडफडत होत्या की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून हैराण. घाट चढून वर आल्यावर पोलिसाने थांबवलं. लाकूड कुठे चाललंय, परवाना कुठे आहे, अशी सुरुवात झाली. मामूंनी काच खाली केली.

"परीक्षेला चाललंय साहेब. मशीन बघायला चाललोय. आधी आमची फांदी पास होते का बघू, मंग मशीन घेऊ."

तो टेम्पोच्या मागे जाऊन शेवग्याकडे बघून आला, हसला आणि हाताने जा म्हणाला.

पहिलं दुकान देहूरोडच्या पुढे, हायवेला लागून. काचेचं ऑफिस, थंड पाणी, रंगीत कागद. विकणारा मुलगा बोलायला चांगला होता. मशीन पंचेचाळीस हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला जोडलेलं, त्यात सुबाभळीच्या सरळ फांद्या टाकल्या की भसाभस भुसा. मामू माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आमचा ट्रॅक्टर याच्या अर्ध्याने आहे, तेवढ्याच ताकदीच्याला जोडून दाखवा. त्याने जरा मान खाजवली, पण आवारातला एक छोटा ट्रॅक्टर आणून जोडला. आमची झावळी आत गेली, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. आतल्या दांड्याला धागे असे गुंडाळलेले की कोयत्याने कापून काढावे लागले. मुलगा बिचारा घामाघूम झाला. म्हणाला, "सर, हे लाकडासाठी आहे, झावळीसाठी नाही." खरं बोलला. मी त्याचे आभार मानले.

म्हणून वाचणाऱ्यांना सांगतो, ट्रॅक्टरच्या मागे जो फिरता दांडा असतो, ज्याला पीटीओ म्हणतात, तिथे इंजिनची सगळी ताकद पोचत नाही. कागदावर बावीस असेल तर तिथे कमीच मिळते. मशीन निवडताना तिथला आकडा धरा.

मुक्काम साताऱ्याला, स्टँडजवळच्या लॉजवर. पाचशेत दोघांची खोली, चादरी स्वच्छ. सकाळी पुढे निघालो. कऱ्हाडच्या पुढे दोन्ही बाजूंनी ऊस, रस्ता लोण्यासारखा. मामू आयुष्यात पहिल्यांदा समुद्रापासून एवढ्या आत आले होते. एवढा ऊस बघून म्हणाले, इथे मासे कोन खात असेल.

कोल्हापूरच्या अलीकडे कारखान्यांच्या वस्तीत आम्हाला पत्ता मिळाला होता. पत्र्याची शेड, आत वेल्डिंगच्या ठिणग्या. मालक स्वतःच कारागीर, सगळे त्यांना आण्णा म्हणत होते. टेम्पो बघून त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, "पावणं, जळण विकायला आलाय व्हय?"

मी कारण सांगितलं तसे ते एकदम उठले. छोटा ट्रॅक्टर दारातच होता. मशीन देखणं, निळं, फांदी आपोआप आत ओढणारे दोन रूळ. आंब्याची फांदी गेली. शेवगा गेला. मग झावळी, कडकड करत बुडख्यासकट आत, आणि चुरा पलीकडे ढिगावर. मामूंनी तिथल्या तिथे मामीला फोन लावला. "निवडलं पोराने," म्हणाले. "एकदम टॉप."

मी चुऱ्यात हात घातला. हलका लागला, बोटाला ओल नाही. आणि तो कडकड आवाज. सलालाला आमच्या मशीनमधून असा आवाज फक्त वाळलेल्या झावळीचा येतो. ओली झावळी चरचरते, चिवटपणे आत जाते. दोन दिवसांचं ऊन आणि घाटातला वारा खाऊन आमच्या झावळ्या टेम्पोतच वाळल्या होत्या. एवढं डोकं लावून आणलेलं, आणि परीक्षेचा पेपरच सोपा झालेला.

गप्प बसता आलं असतं. मामू खूश होते, मामीपर्यंत बातमी गेली होती. पण नेऱ्याला गेल्यावर पहिल्याच दिवशी मशीन अडकलं असतं, आणि कमिटीसमोर मामू उभे असते, मी सलालाला.

"मामू, थांबा. ही वाळलीय. हिच्यावर काय कळत नाय."

मामूंनी फोन खिशात ठेवला. आण्णांनी विचारलं, आता ओली कुठनं आणायची? शेडच्या मागे एका घराच्या परड्यात नारळ दिसत होता. तिथल्या काकी दारात शेंगा फोडत होत्या. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि अट घातली, झावळ्या न्या, पण झाड सगळं साफ करून द्यायचं, वाळकं लोंबतंय तेही, आणि खाली वांगी आहेत त्यांवर एक पान पडायचं नाही.

मी पायाला दोर बांधून चढलो. खाली हळूहळू शेडमधली सगळी माणसं जमली. काकी ओरडून सूचना देत होत्या, "नारळाला हात लावायचा न्हाई हं पावणं!" झावळ्या मी एकेक करून दोराने सोडल्या. वांग्याचं पान हललं नाही. उतरल्यावर काकींनी स्वतःहून दोन शहाळी पाडून घ्यायला लावली, म्हणजे मला परत चढावं लागलं.

ओली झावळी निळ्या मशीनमध्ये घातली. अर्धी गेली आणि रुळांना धागे गुंडाळून ठप्प. आण्णा रागावतील असं वाटलं होतं, पण ते गुडघ्यावर बसून बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी शेडच्या मागून दुसरं मशीन ओढत आणवलं. बुटकं, रंग उडालेलं. रूळ नाहीत, तिरकं तोंड, आत पाती आणि त्यांच्या मागे हातोड्या. चार बोटांपेक्षा जाड लाकूड याला चालत नाही, म्हणून कुणी विचारत नाही म्हणाले.

ओली झावळी गेली. चरचर करत, बुडख्यासकट. दुसरी गेली. काकींचं सगळं झाड गेलं. ट्रॅक्टरचा आवाज जरा बसायचा आणि परत उठायचा, बंद एकदाही नाही. चुरा हातात घेतला तर ओला, जड.

मामू म्हणाले, "आनि जाड फांदीचं काय?"

"जाड फांदी कोण जाळतं मामू? ती बेकरीवाला येऊन नेतो. धूर होतो तो झावळीचा."

मामूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते ताज्या सुरमईकडे बघतात. मग आण्णांकडे वळून म्हणाले, हेच द्या. निळ्यापेक्षा स्वस्त पडलं, पण ते मागाहून लक्षात आलं. जास्तीची पाती आणि मशीन अडकलं की ते वाचवायला आधी तुटतो तो बोल्ट, दोन-दोन मागून घेतले, तुम्हीही घ्या.

नेऱ्याला मशीन लावलं तेव्हा कमिटीचे सेक्रेटरी छत्री घेऊन उन्हात उभे होते. मामू स्टीअरिंगवर, मी झावळ्या ढकलायला. हात नाही, दुसऱ्या झावळीने ढकलायचं, हे मी मामूंकडून दहादा म्हणून घेतलं होतं. दुपारपर्यंत कोपऱ्यातला ढीग संपला आणि चुरा आंब्याच्या बुंध्यांभोवती पसरला. सेक्रेटरींनी बाकीच्या प्लॉटांच्या चाव्या मामूंच्या हातात दिल्या.

मी परत सलालाला आलोय. काम तेच, ऊन तेच. नवी नोकरी बघावी असं अधूनमधून अजून वाटतं, ते काही गेलेलं नाही.

काल मामूंचा फोन आला. खालापूरकडच्या एका बागवाल्याला चिपर घ्यायचाय, तो मामूंकडे चौकशी करत होता, त्याला त्यांनी माझा नंबर दिलाय. मी म्हटलं, तुम्हीच सांगा की, मशीन तर तुम्ही चालवता.

"चालवतो मी. निवडलं तू," मामू म्हणाले. "मामीच बोलली, पोराचा नंबर द्या."

त्या बागवाल्याचा फोन आज संध्याकाळी येणार आहे. मोबाईल चार्जिंगला लावलाय, आणि बरोबरच्यांना सांगून ठेवलंय की त्या वेळी खोलीत टीव्ही लावायचा नाही.