आग्नेल तांडेलाची जमिनीवरची फेरी

मेरीला एक गोष्ट चाळीस वर्षं कळली नव्हती, आणि न कळलेली गोष्ट पोटात ठेवून गप्प बसणं हे काही तिच्या स्वभावात नव्हतं. वसईच्या बाजारात मासळीची पाटी मांडून बसणारी बाई ती. गिऱ्हाइकानं पापलेट कसं उचललं एवढ्यावरून घरी पाहुणे आलेत की नवऱ्याशी भांडण झालंय, हे ती सांगायची, आणि वर दहातल्या नऊ वेळा खरं निघायचं! पण स्वतःच्या नवऱ्यापाशी आली की तिची सगळी अक्कल गुंडाळून ठेवायची वेळ.

नवरा म्हणजे पाचूबंदरचा आग्नेल तांडेल. तांडेल, म्हणजे बोटीवर ज्याचा शब्द शेवटचा तो. आठ दिवस समुद्रात, दोन दिवस घरी, की लागलीच परत. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढली तरी हा पठ्ठ्या बोटीपाशीच. नाताळ झाला आणि डॉक्टरांनी ईसीजीचा पट्टा वाचून समुद्र कायमचा बंद केला. बोट पुतण्याकडे गेली, आग्नेल घरी आला. आला म्हणजे काय, ओट्यावरच्या खुर्चीत गुडघे जुळवून बसला. चहा दिला की प्यायचा, जेवायला हाक मारली की यायचा. दोन महिन्यांत त्याची गालफडं बसली.

आणि मग ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "पांडूला मानूस पायजे. ईस्टर झाला की मी जातो त्याच्याबरोबर."

पांडू म्हणजे त्याचा जुना सोबती. त्याची बोट इंजिनाच्या कामासाठी वर काढलेली होती, ती ईस्टरनंतर पाण्यात उतरायची होती.

"मराया जाता?" मेरीनं विचारलं.

"मराया कशाला? असाच."

असाच! मेरीचा संताप संताप झाला. ती रडली, भांडली, दुबईला लेकीला, ब्रिटनीला, फोन लावून तिलाही बोलायला लावलं. आग्नेल सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "बगू." त्याचा "बगू" म्हणजे ठरलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण रागाच्या तळाशी एक प्रश्न वळवळत होता. असं आहे तरी काय त्या बोटीवर? चार खोल्यांचं घर, पंखा, पलंग, गरम जेवण सोडून हा माणूस सात जणांबरोबर कोंबड्यांसारखा त्या केबिनीत कोंडून घ्यायला का जीव टाकतो? मासेमारीला बायकांना कोण नेतंय! ती बोटीवर चढली होती ती बोटींना फादरचा आशीर्वाद मिळतो त्या सणाला, नटूनथटून, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत. तेवढ्यात काय कळणार, कपाळ?

वालीवला एका कारखान्यात फायबरची कामं होतात. बर्फाची पेटी फुटली म्हणून मेरी रिक्षात घालून ती तिथं घेऊन गेली होती. पेटी कारागिराच्या हवाली केली, वळली, आणि बाजूच्या एका गाडीच्या उघड्या दारातून तिला आत ओटा दिसला. मोठा प्रवासी टेम्पो, आणि त्याच्या पोटात शेगडी! मेरी सरळ आत चढली. परवानगीबिरवानगी ती विचारत नाही. शेगडीशेजारी भांडी घासायची मोरी, मोरीखाली पाण्याची टाकी, मागं दोघांपुरता बिछाना, डोक्यावर कपाटं, एका कोपऱ्यात पडद्यामागं संडासाची पेटी.

"आँटी, बघा बघा, आरामात बघा," मागून आवाज आला. गाडीचा मालक, आचोळ्याचा कौस्तुभ. नोकरी करून हौसेनं गाडी बांधून घेतलेला तरुण. "मोटरहोम आहे. आम्ही दोघं गोव्यापर्यंत जाऊन आलो. पण आता सोसायटीवाले पार्किंगच देत नाहीत, रोज किटकिट. म्हणून काढतोय."

"आत मानसं किती ऱ्हातात?"

"दोघं कम्फर्टेबल. तिसरा आला तर ॲडजस्ट."

मेरीनं दोन्ही हात पसरले. बोटं दोन्ही भिंतींना टेकली. एवढीच तर असते ती केबिन! तिच्या मनात जे आलं ते तिनं कौस्तुभला सांगितलं नाही, कारण माल आवडला हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. पण आलं ते असं: समुद्रावर मला नेत नाहीत आणि ह्याला आता जायची मनाई, मग ती केबिनच जमिनीवर आणून बघू की, हा माणूस आत असतो तरी कसा.

दुसऱ्या दिवशी ती आग्नेलला घेऊन आली. त्याला एवढंच सांगितलं, "जुनी गाडी हाय, तुमी पारखा." नाताळानंतर पहिल्यांदाच कोणी त्याला काही पारखायला सांगत होतं. तो शर्ट काढून गाडीखाली शिरला. बोट घेताना तळ बघतात तसा त्यानं तळ बघितला. हातोडीच्या दांड्यानं ठोकत ठोकत, प्रत्येक ठोक्याला कान देत, गंज नखानं खरवडत. इंजिन चालू करवून डोळे मिटून ऐकलं. पाऊण तासानं बाहेर आला तो ग्रीसनं माखलेला. म्हणाला, "तळ घट्ट हाय. पानी येनार नाय."

"रस्त्यावर खालून पाणी कुठून येणार, अंकल?" कौस्तुभ हसला.

इकडे मेरीनं कपाट उघडून नाक आत घातलं होतं. मासळीच्या बाईचं नाक ते. "हिला वास हाय," ती म्हणाली. "शिळा. वल्या गोनीचा."

"बंद होती ना इतके दिवस," कौस्तुभ म्हणाला. आग्नेलनंही मान हलवली, की तळ कोरडा आहे म्हणजे झालं. मग मेरीनं भाव केला. ती भाव करते तेव्हा तिथं कोणी उभं राहू नये. शेवटी कौस्तुभनं हात जोडले आणि वर बिछान्याची चादर फुकट दिली.

गाडी दारात आली तेव्हा सगळं पाचूबंदर गोळा झालं. म्हाताऱ्या आत चढून गादी दाबून बघत होत्या. मेरीनं होजपाईप लावून गाडी धुवायला घेतली, आणि आतून आग्नेलची आरोळी आली, "बंद कर, बंद कर!" छतावरच्या पंख्याच्या कडेनं पाणी आत धार लावून पडत होतं, बरोबर बिछान्यावर आणि कपाटाच्या मागच्या बाजूनं. सगळी गर्दी हसली. आयुष्यभर ज्याचं पाणी खालून आलं तो वर कशाला बघेल? बोटीत आभाळातून पडलेलं पाणी उपसून टाकलं की संपलं. गाडीच्या भिंतीत ते मुरून बसतं, हे त्याला कुठून माहीत असणार!

मेरीला वाटलं, आता हा ओट्यावर जाऊन बसेल. पण आग्नेल छतावर चढला. दोन दिवस उतरलाच नाही म्हणा. पंखा काढला, फट साफ केली, हार्डवेअरवाल्याकडची डिंकासारख्या लुकणाची नळी पिळली, आणि त्याच्यावर भरवसा नाही म्हणून वरून बोटीला लावतात तसा राळ-तेलाचा हातही फिरवला. मग स्वतः आत बसून मेरीला म्हणाला, "वत." तिनं बादलीमागून बादली ओतली. आतून तो ओरडायचा, "आनखी!" सातव्या बादलीला तो बाहेर आला, कोरडाठाक, आणि चक्क हसत होता. मेरी बादली धरून बघतच राहिली.

"आठ दिवसांची फेरी करू," ती म्हणाली. "तुमची बोटीची असते तशी."

"कुठं?"

"समुद्र नाय तिथं."

आग्नेलनं पूर्वी बर्फाचा टेम्पो चालवला होता, त्यामुळे परवाना होता. वाडा, विक्रमगड करत ते जव्हारकडे चढले. पहिल्याच दुपारी मेरीनं घरच्या सवयीनं मासे धुतले, भांडी धुतली, हात धुतले, आणि टाकी रिकामी. आग्नेल रागावला नाही. गाव शोधून पाणी भरून आणलं आणि मोरीपाशी एक तांब्या ठेवला. "घर नाय हे. एका येळेला दोन तांबे." मेरीच्या तोंडावर एवढी मोठी शिवी आली होती, पण त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं म्हणून तिनं ती गिळली. तो तिला काहीतरी शिकवत होता. लग्नापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या सकाळी तिला जाग आली ती फोडणीच्या वासानं. आग्नेल शेगडीपाशी उभा. एका हातानं टोप धरलेला, दुसऱ्या हातानं वाटेतल्या धरणावर एका बाईकडून घेतलेले गोड्या पाण्यातले मासे रश्श्यात सोडतोय. काल संध्याकाळी मेरीनं त्या माशांचे कल्ले उघडून नाक मुरडलं होतं, की चिखलाचा वास येतो. त्यानं ते चिंच-मिठात चोळून ठेवलेले. बाजूला तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, गोल, पातळ, फुगलेल्या.

"ह्या कोनी केल्या?" तिनं विचारलं. खुळ्यासारखा प्रश्न, गाडीत तिसरं होतं कोण?

"आज माझी पाळी," आग्नेल म्हणाला.

मेरीनं घास घेतला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं नव्हे, रागानं. रस्सा तिच्यापेक्षा चांगला होता! "चाळीस वरसं!" ती ओरडली. "चाळीस वरसं मी बाजारातनं मरून यायची नि चुलीपुढं बसायची, आनि तुमी पाटावर बसून वाट बगायचे! लाज नाय वाटली?"

आग्नेल खरोखरच गोंधळला. "तू कवा बोलली नाय. बोटीवर पहिली आठ वरसं मीच रांदायचा. घरात तुझं चालतं. मदी कसा घुसू?"

मेरी दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. पण रस्सा दोनदा घेतला, आणि डोळे उघडे ठेवले. हा माणूस बडबड्या होता! स्वयंपाक करताना बोलायचा, गाडी हाकताना बोलायचा. कुठल्या वादळात कोणी नवस बोलला, कोणत्या खलाशाला घोरताना कोणी चिमटा लावला, सगळं. संडासाची पेटी त्यानं नाक न मुरडता रिकामी केली, कारण तीही पाळीच. जव्हारजवळ रस्त्याकडेच्या बायका आत काय आहे म्हणून डोकवायच्या, तर हा त्यांना आत बोलावून मोरी दाखवायचा. मेरीला वाटायचं, माझ्या नवऱ्यासारखा दिसणारा हा कोण बाप्या माझ्याबरोबर आलाय? आणि तो तिला आवडत होता, हे तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं. आता ह्या वयात लाजायचं कोणाला!

सहाव्या दिवशी तिची सुरी हरवली. "सुरी कुठं गेली?"

"तुझ्या उजव्या हाताला."

बघते तर भिंतीला चामड्याची पट्टी ठोकलेली, सुरी तिच्यात. वळणावर वस्तू पडतात म्हणून आग्नेलनं रोज थोडं थोडं ठोकत आणलं होतं. चष्म्याला खाच. रोझरीच्या माळेला खिळा, ती झोपते त्या बाजूला. तिच्या गोळ्यांच्या डबीला दोरीची जाळी. बिछान्याच्या दुसऱ्या बाजूला तसंच सगळं त्याचं, तेवढंच, ना बोटभर जास्त ना कमी.

मेरी सुरी हातात घेऊन उभी राहिली. घरच्या खोल्या तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. कपाटात तिच्या साड्या, ब्रिटनीच्या बाहुल्या, सणाची भांडी. फळीवर तिची औषधं. आणि ह्याचं?

"वो," ती हळूच म्हणाली, "आपल्या घरात तुमचे कपडे कुठं असतात?"

"दारामागच्या पिशवीत," आग्नेल भाकरी उलटत म्हणाला.

"बोटीच्या पिशवीत? अजून?"

"मंग कुठं?" त्यानं सहज विचारलं. त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मेरीच्या काळजात ते सुरीसारखं गेलं. तिनं सुरी परत पट्टीत खोचली. मग विचारलं, "पांडूबरोबर का जायचंय तुमाला? खरं सांगा."

आग्नेलनं आच बारीक केली. "बोटीवर ठावं असतं, आपन कुठं बसायचं," तो म्हणाला. "घरी खुर्ची सोडून कुठं जाऊ, कळत नाय. तू कामात असते. मी मदी येतो."

मेरीनं त्याला तेव्हा काही वचन दिलं नाही. काय देणार? दोन दिवसांनी ते परतले. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिनं कपाटाचा अर्धा भाग रिकामा करायला घेतला आणि सणाची भांडी गाडीत नेऊन ठेवली. मग आग्नेलच्या हातात हातोडी आणि मूठभर खिळे दिले. "तुमाला पायजे तिथं ठोका. मी बोलनार नाय."

आग्नेल हातोडी घेऊन घरभर फिरला. भिंती बघत, बोटांनी वाजवत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, परत पहिलीत. स्वतः बांधलेलं घर होतं ते, पण भाड्यानं घ्यायला आल्यासारखा तो ते बघत होता. मेरी ओट्यावर कोळंबी सोलत बसली आणि कान आत ठेवले. अर्धी कोळंबी सोलून झाली. मग ठोका ऐकू आला, स्वयंपाकघरातून, अगदी तिच्या चुलीच्या बाजूनं. खिळा दुसरीकडे कुठं ठोकला असता तर चाललं असतं, असं तिच्या मनात आलंच, पण ती शब्दाला जागली.

हातोडी थांबली आणि आतून आग्नेल म्हणाला, "मेरी, पांडूला फोन लाव. सांग, दुसरा मानूस बग."

तिनं हात पुसले, फोन लावला. पलीकडून पांडू "हॅलो, हॅलो, बोल ना वैनी" करत राहिला, आणि सगळ्या बाजाराला गप्प करणाऱ्या मेरीच्या तोंडून शब्दच फुटेना. शेवटी आग्नेलनंच बाहेर येऊन फोन तिच्या हातातून घेतला.