दुसऱ्या कडव्यातला श्वास

एक्स्चेंजच्या काकूंचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि ते त्या लपवतही नसत. लालबागला मसाला करायला गेल्या की कुटायच्या डंकावर आपल्याच मिरच्या पडतायत ना, हे बघत शेवटपर्यंत उभ्या राहायच्या, शिंकत आणि डोळे पुसत. घरी आल्यावर तोच मसाला पुन्हा हुंगून बघायच्या. त्यामुळे दादरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, त्यांच्या शेजारच्याच खोलीत आम्ही बँड काढला, तेव्हा त्या कौतुक करतील अशी आशा मी तरी ठेवली नव्हती.

काकूंची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. माणूस न बघता नुसत्या आवाजावरून तो खरं बोलतोय की थापा मारतोय, हे आपल्याला कळतं असं त्या सांगत. "बोलण्याआधी माणूस श्वास घेतो. तो ऐकायचा, शब्द नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिटायर झाल्यावरही नीट ऐकायचं असलं की त्या डावा कान तळहाताने झाकून उजवा पुढे करायच्या. कुरियरवाल्यापासून टीव्हीवरच्या पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची अशी तपासणी होई, आणि त्यातून सहसा कुणी पास होत नसे.

आमचा बँड तिघांचा. मुग्धा गायची, एक मित्र ड्रम वाजवायचा, मी कीबोर्ड आणि लॅपटॉप सांभाळायचो. लॅपटॉपमध्ये काय काय आहे, हे आम्ही कुणाला सांगत नसू. त्यात गिटार होती, बासरी होती, आणि गाण्यातल्या अवघड जागांसाठी मुग्धाचाच आवाज आधी रेकॉर्ड करून, घासूनपुसून ठेवलेला होता. तिथे ती नुसते ओठ हलवायची. हल्ली सगळेच असं करतात, अशी मी तिची समजूत काढली होती. तिला ते मुळीच आवडत नव्हतं. पण परळच्या एका हॉलमध्ये वरच्या सुरात तिचा आवाज फाटला होता आणि पोरांनी त्याचा व्हिडिओ आठवडाभर फिरवला होता. तेव्हापासून ती गप्प बसायची.

त्यानंतरच्या कार्यक्रमाला काकू पहिल्या रांगेत डावा कान झाकून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"मंदार, दुसऱ्या कडव्यात ही पोरगी श्वास कुठे घेते रे?"

घेते की, मी म्हटलं.

"नाही घेत. मी कान लावून बसले होते."

त्यांचं बरोबर होतं. रेकॉर्डिंग साफ करताना मी सगळे श्वास कापून टाकले होते. खरं तर तिथेच मी कान पकडायला हवे होते. त्याऐवजी मी मुग्धाचा एक श्वास वेगळा रेकॉर्ड केला आणि ओळींच्या मधे चिकटवून दिला. पुढच्या कार्यक्रमाला काकू नेहमीसारख्या कान झाकून बसल्या आणि जाताना मुग्धाच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "आज गायलीस हं." मुग्धा मान खाली घालून उभी राहिली. मी मात्र स्वतःवर भलताच खूश होतो. त्याची आज लाज वाटते.

मुग्धा त्या दिवसापासून पेटली. मला न सांगता रोज सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारून दम वाढवू लागली. गिरगावातल्या कार्यक्रमाच्या दिवशी तिने लॅपटॉपमधला आपला आवाज बंद करायला सांगितलं. मी नको म्हणत राहिलो, तेव्हा तिने स्वतःच तो बंद केला. त्या दिवशी दुसरं अख्खं कडवं ती एका दमात गायली. आवाज कुठेही फाटला नाही. माझ्याच अंगावर काटा आला.

कार्यक्रम संपल्यावर काकू आत आल्या. "आज मशीन होतं," त्या म्हणाल्या. "सबंध कडवं श्वासाशिवाय कोण गातं?"

मुग्धाने शांतपणे आपला माईक बॅगेत ठेवला. काकू गेल्यावर मला म्हणाली, "खोटं गायले तेव्हा शाबासकी आणि खरं गायले तर मशीन. मला नाही जमणार हे. दुसरी गायिका बघ."

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, चिकटवलेल्या श्वासासकट. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझा कान फसला," एवढंच म्हणाल्या. मेथीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "तिला घेऊन ये. तुझं ते डबडं आणू नकोस."

मुग्धा नाखुशीनेच आली. काकूंनी पंखा बंद केला, तिला स्वतःकडे पाठ करून स्टुलावर बसवलं आणि तिच्या पाठीवर तळहात ठेवला. "गा आता." या वेळी त्यांनी कान झाकला नव्हता. दुसऱ्या कडव्याआधी तो हात वर उचलला गेलेला मला दिसला. मग कडवं संपेपर्यंत तो हळूहळू खाली येत राहिला.

"इथे घेतलास," काकू म्हणाल्या. "सापडला." आणि तिची माफी मागितली. त्यांनी कुणाची माफी मागितलेली मी तेव्हाच पाहिली.

मुग्धा बँडमध्ये राहिली. लॅपटॉपमध्ये गिटार आणि बासरी अजून आहेत, तिचा आवाज नाही. तरी व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच, ट्रॅक लावलाय म्हणून. त्यांना काय बोलणार? दुसऱ्या बँडचा कार्यक्रम ऐकताना माझाही हात आपोआप डाव्या कानावर जातो.

काकूंच्या शेवटच्या आजारपणात मुग्धा रोज यायची, पलंगाच्या कडेला पाठ करून बसायची आणि गायची. काकू हात ठेवायच्या. एकदा विश्वास बसला म्हणून तपासणी बंद करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्याच. शेवटच्या दिवशी त्यांना हात उचलता येईना, नुसती बोटं हलली. मी तो हात उचलून मुग्धाच्या पाठीवर ठेवला आणि धरून राहिलो. मुग्धा थांबली नाही. हात वरखाली होत राहिला. आता तो फक्त मुग्धाच्याच श्वासाने हलतोय हे मला कळून चुकलं होतं, पण कडवं संपेपर्यंत मी तो सोडला नाही.