आमच्या समुद्राची वाळू

छप्पन सालची गोष्ट. मध्य प्रांत फुटणार, नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि त्याच्या मागोमाग आमचं पांढुर्णाही, याबद्दल बाबांना तिळमात्र शंका नव्हती. ते शाळेत भूगोल शिकवत. मुंबई राज्य म्हटलं की समुद्र आलाच, तेव्हा त्याची आधीपासून सवय हवी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एका लग्नाला मुंबईस गेले ते परतताना तेलाच्या दोन डब्यांत खारं पाणी, पिशवीभर वाळू आणि एक मासा घेऊन आले. सुताराकडून काचेची पेटी करून घेतली. मासा बोटभर, करडा, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी आल्यागेल्याला बाबा ऐकवत, "आपला समुद्र पाहून घ्या."

समोर राहणारे कापसाचे व्यापारी काका म्हणत, आपण भोपाळकडेच जाणार. त्यावर बाबांचं एकच उत्तर असे, "निकाल लागेपर्यंत हा मासा जिवंत ठेवतो, मग बोला." झालं. गल्लीनं प्रांताचं भवितव्य त्या माशावर सोडलं. तो जरा सुस्त दिसला की लोक चौकशीला येत.

काही दिवसांतच वाळू काळी पडली आणि वास देवघरापर्यंत गेला. समुद्राला हात लावायचा नाही, असा बाबांचा हुकूम. समुद्र आपला आपण साफ होतो म्हणे. आईला ते पटेना. तिनं मासा लोणच्याच्या बरणीत टाकला, वाळू उपसली आणि गव्हाचं करतात तेच तिचं केलं. धुतली, बाजेवर जुनं लुगडं अंथरून वाळवली, सुपात पाखडली, शिंपल्यांचे तुकडे खडे समजून निवडून फेकले. मग विहिरीच्या पाण्यात खडेमीठ घालून समुद्र चाखून पाहिला. एकादशीला मात्र माशाला सैंधव. उपासाच्या दिवशी घरात दुसरं मीठ निघत नसे. एवढं सगळं होऊनही तो मेला कसा नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पुढे दर आठ-पंधरा दिवसांनी हेच, आणि दर खेपेला आई कुरकुरे, "हा मरत बी नाही, अन् माही बरणी बी सुटत नाही."

निकाल लागला. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचं पांढुर्णा आणि शेजारचं सौसर भोपाळकडच्या मध्य प्रदेशात राहिलं. बाबा रेडिओवर बातमी ऐकून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. माझ्या बापाला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात व्यापारी काका आले. टोमणा मारायला आले असते तर बरं झालं असतं. ते समजूत घालायला आले.

"गुरुजी, मनाले लावून घेऊ नका. भोपाळले मोठा तलाव आहे म्हणते. आता हा पसारा कायले? वहिनी, मासा जाम नदीत सोडून द्या."

आई अंगणात वाळूचं सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"नदीत सोडाले तो का नदीतला आहे?" ती म्हणाली. "वाळू कालच धुतली. तो राहीन इथंच."

काका गेले. मग बाबा उठले, बाह्या वर सारून तिच्याजवळ आले आणि त्यांनी सूप हातात घेतलं. पाखडायला बसले ते उलट्या वाऱ्याला, सगळी धूळ तिच्या तोंडावर. ती त्यांना खूप बोलली, आणि मग तिनं दोघांची ताटं वाढली.