सेकंड हँडला कायदा नसतो

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. आईच्याही नाही, आणि तिच्यापासून लपवलेली वस्तू तिला हमखास सापडते. हे नाही सापडलं. कारण मी जे बोलले ते आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ आहे — फक्त ते खोटं आहे, एवढंच कुणाला माहीत नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. थोडं कौतुकही होईल, चालवून घ्या. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम., सेकंड क्लास. वडील गिरणीत होते. दादा दहावीनंतर छापखान्यात लागला, म्हणून मी कॉलेजात गेले. लालबागच्या आमच्या चाळीत कुणाकडेही इंग्रजी कागद आला की तो आमच्या दारात येतो. तळमजल्यावरच्या काकूंच्या एक्स-रेचा रिपोर्टसुद्धा मी वाचून दाखवलाय. मला त्यातलं काय कळणार होतं? "काळजीचं कारण नाही" म्हणून मोकळी झाले. काकू अजून ठणठणीत आहेत, हे माझं नशीब. पण बघा — सवय कशी लागते. "मला माहीत नाही" हे तीन शब्द मी कॉलेज सुटल्यापासून उच्चारलेलेच नव्हते.

तर गाडी.

दादाची एकच हौस — गणपतीला गावी स्वतःच्या गाडीने जायचं. नवी परवडणार नव्हती. शीवला एका डीलरकडे जुन्या गाड्या मिळायच्या, आणि कर्जाचा माणूसही तिथेच, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायचा. चांदीसारख्या रंगाची एक गाडी दादाला आवडली. दसऱ्याला घरी आणायची ठरली; आमच्यात गाडी दसऱ्यालाच घरी येते, दुसऱ्या दिवशी आली तर ती नुसतं वाहन. दादा सकाळपासून झेंडूचा हार, नारळ, चार लिंबं घेऊन तयार. चावी हातात आल्यावर तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाय, एकदा फिरवून बघूया काय गो? निदान सर्कलपर्यंत?"

आणि मी — मी काय म्हणाले असेन?

"मुहूर्त टळेल दादा. आणि तपासणीचा सगळा रिपोर्ट वाचलाय मी."

वाचला होता. पहिलं पान. त्याचं काय झालं, डीलर मला म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला आम्ही काय समजावणार?" एवढं ऐकल्यावर माणूस पुढची पानं बोट ठेवून वाचत बसतो का? मी भरभर उलटली, मान हलवली. "गाडी चालवून, तपासून ताब्यात घेतली" या ओळीखाली दादाने सही केली. गाडी तोवर फक्त चार लिंबांवरून गेली होती.

पुढचं हसण्यासारखं आहे, हसा. आम्ही पण हसलो. ती गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. परळला हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर, जिथे हॉर्न वाजवू नका असा हा मोठा फलक आहे, तिथे आमची गाडी बोंबलत वळायची आणि वहिनी खिडकीतून हात जोडून रस्त्यावरच्या सगळ्यांची माफी मागायची. वायपर कडक उन्हात चालू व्हायचे. आतून एक वास यायचा, ओल्या गोणपाटाचा. आईने त्यावर धूप, कापूर, शेवटी सुकट ठेवून बघितली — म्हणे वासाला वास मारतो. मग एकदा कोपऱ्यावर वळताना गाडी हॉर्न वाजवतच बंद पडली. ती ढकलत गॅरेजात नेली. तिथे खालचं मॅटिंग उचललं तर आत वाळलेला चिखल आणि गंज. गाडी कुठल्यातरी पुरात बुडून आली होती.

डीलर म्हणाला, सेकंड हँड आहे, नवी थोडीच दिली होती? कर्जवाला म्हणाला, गाडीचं त्यांच्याशी बघा, हप्त्याचं आमच्याशी. त्याच एका टेबलावर बसून दोघं असं बोलले.

दादाला राग असा येत नाही. घरी येऊन जेवला आणि मला म्हणाला, "तुझ्या ऑफिसात वकील येतात मा? विचारून बघ. आपण ग्राहक आहोत की नाही?"

आता इथे मी थांबते जरा. कारण आतापर्यंतचं सगळं घाईत झालं असं म्हणता येईल. यापुढचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुठल्याच वकिलाला विचारलं नाही. मी स्वतः मोबाइलवर शोधलं, डबा खाता खाता. आणि सगळं तिथे होतं हो. घरच्या वापरासाठी डीलरकडून घेतलेली जुनी गाडीसुद्धा ग्राहक कायद्यात बसते. दोष लपवून विकली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कर्ज त्याच डीलरच्या मार्फत दिलं असेल तर कर्ज देणाऱ्यालाही त्यात ओढता येतं. सहीच्या एका ओळीने सगळं बुडत नाही. दोन वर्षांची मुदत असते. मला कळलं. नीट कळलं.

आणि हेही कळलं की आयोगापुढे पहिला प्रश्न येणार — गाडी चालवून का नाही पाहिली? आणि दादा, तो खोटं बोलत नाही, तो सरळ सांगणार — बहीण म्हणाली गरज नाही, तिने सगळं वाचलंय. सगळ्यांसमोर. मग ते माझ्याकडे वळून विचारणार, काय वाचलंत?

मी संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, "विचारलं. सेकंड हँडला कायदा नसतो."

दादा म्हणाला, "मग सोड." बस्स. एक प्रश्न नाही. उलटतपासणी नाही. तू ग्रॅज्युएट आहेस, तू विचारलंस, विषय संपला.

गाडी खाली गल्लीत उभी राहिली आणि हप्ते चालू राहिले. "आमच्याकडे हप्ता चालतो, गाडी नाय," असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा. रविवारचा कॅरम सुटला, रविवारी तो छापखान्यात जादा काम करायला लागला. गणपतीला आम्ही पुन्हा एसटीने गेलो. "एसटीचा हॉर्न निदान ड्रायव्हर वाजवतो," दादा म्हणाला. मी सगळ्यात जोरात हसले. दोन वर्षांत मला किती संध्याकाळी मिळाल्या सांगायला? सगळ्या. एकही वापरली नाही.

बरं, खोटं तरी माझ्यापुरतं राहावं? ते गॅलरीत फिरायला लागलं. कुणाचा जुना फ्रिज बिघडला — सेकंड हँडला कायदा नसतो. कुणी फसवून मोबाइल विकला — नसतो रे, आपल्या बी.कॉम.ने वकिलाला विचारलंय. माझं एक वाक्य आमच्या चाळीपुरतं कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसलं.

मग खालच्या मजल्यावरच्या प्रसादने कर्ज काढून जुनी गाडी घेतली, दुसऱ्या डीलरकडून. आठवड्यात गिअरबॉक्स गेला. चाळीने त्याला कायदा सांगितला आणि तो गप्प बसला. पण त्याची बायको, मेघना, नवीन होती इथे. माझ्या दारात येऊन उभी राहिली. पोटुशी होती, गाडी त्यासाठीच घेतलेली. "ताई, खरंच काही होत नाही?"

मला पुन्हा तेच म्हणता आलं असतं. जीभ तयारही होती.

"होतं," मी म्हणाले.

पुढचे महिने मी झपाटल्यासारखं काम केलं. गॅरेजवाल्याकडून दोष लेखी घेतला. डीलरला नोटीस, कर्जवाल्यांना पत्र. प्रसाद हप्ता थांबवायला निघाला होता, त्याला अडवलं — हप्ता थांबला की ते वेगळंच लचांड मागे लागतं. मग आयोगाकडे तक्रार. या वेळी प्रत्येक पान वाचलं, बोट ठेवून. तारीख लागली आणि डीलर नरमला. गाडी परत घेतली, कर्ज स्वतः मिटवलं.

चाळीत दिवाळी झाली. पेढे प्रसादने नाही आणले, दादाने आणले! गॅलरीत प्रत्येकाला सांगत होता, "माझी बहीण. एकटीने केलं." तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू, ठणठणीत, म्हणाल्या, "अगो, मग तुझ्या दादाच्या वेळी का नाही केलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता सांगायचं होतं. याहून सोपी वेळ कुठली असते? सगळे आनंदात, हातात पेढे, दादा समोर.

दादाच बोलला. त्याला एवढा विचारही करावा लागला नाही. "काकी, तेव्हा तो कायदा नव्हता. आता बदलला. हो ना गो बाय?"

कायदा बदलला नव्हता.

"हो," मी म्हणाले, "बदलला."

दादाने सगळ्यांकडे अभिमानाने पाहिलं आणि माझ्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. मी तो खाल्ला.