नेकचलनीचा दाखला, खोडीसकट

इंटरची परीक्षा देऊन मी हैदराबादहून जळकोटला आलो तेव्हा वडिलांनी सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी शहरात राहायची सोय तुझी तू लावणार असशील तर शिक, नाहीतर घरी ये आणि शेतीत लक्ष घाल. ते रागावून बोलले नव्हते. खरं तेच सांगत होते. मला शेतीचं वावडं नव्हतं, पण कॉलेज अर्ध्यावर सोडायचं नव्हतं.

तेवढ्यात बातमी आली, की धाराशिवच्या एका वकीलसाहेबांना त्यांच्या हैदराबादच्या बिऱ्हाडी मुलांना शिकवायला एक विद्यार्थी हवा आहे. राहणं-जेवण तिथंच. उन्हाळ्यात साहेब धाराशिवात असतील, तिथं दरख्वास्त, म्हणजे अर्ज, घेऊन यावं. सोबत नातेवाईक नसलेल्या दोन मोतबर माणसांचे नेकचलनीचे दाखले हवेत, म्हणजे मुलगा चांगल्या चालीचा आहे असं त्यांनी लिहून द्यायचं.

दरख्वास्त मी स्वतः लिहिली, आणि ती लिहिताना मला भलताच चेव आला. आमचं कॉलेज उर्दूतलं, त्यामुळे भारी शब्दांचा तोटा नव्हता. सुरुवातीला रिवाजाप्रमाणे स्वतःला फिदवी, म्हणजे नम्र सेवक, म्हणवून घेतलं आणि पुढं पानभर त्या सेवकाची तारीफ केली. फिदवी चार भाषा जाणतो. यातली कानडी म्हणजे बाजारात भाव विचारण्यापुरती, पण तसं लिहायचं थोडंच असतं. फिदवी गणितात तरबेज आहे. फिदवी मितभाषी असून पहाटे उठून अभ्यास करण्याचा शौकीन आहे. हे शेवटचं वाक्य आमच्या वसतिगृहातला प्रत्येक जण आपापल्या दरख्वास्तीत लिहायचा, मग तो सूर्य डोक्यावर येईपर्यंत घोरत का असेना.

पहिला दाखला शाळेच्या हेडमास्तरांनी दिला. त्यांची उर्दू इतकी नाजूक, की तो दाखला माझा आहे की एखाद्या नवाबाचा, ते कळत नव्हतं. दुसऱ्यासाठी वडिलांनी मला आप्पांकडे पाठवलं.

आप्पा म्हणजे आमच्या गावचे धान्याचे व्यापारी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, घरात कानडी आणि दुकानात मराठी. मी लहानपणापासून त्यांच्या दुकानात पडीक असायचो. बाजाराच्या दिवशी जनावरांची खरेदी-विक्री झाली की पावती लिहायला लोक आप्पांकडेच यायचे, कारण त्यांच्या पावतीवर कधी भांडण झालं नाही. दाखला म्हटल्यावर ते खुशीत 'हौदू, हौदू', म्हणजे हो हो, म्हणाले, बोरू काढला आणि एका बैठकीत लिहून मोकळे झाले. आयुष्यभर ते ज्या चालीवर पावत्या लिहीत आले, त्याच चालीवर त्यांनी माझाही कागद लिहिला होता. मोडीतला तो मजकूर मला अजून जसाच्या तसा आठवतो.

'रंग सावळा, बांधा सडपातळ. उजव्या भुवईवर जुना वण, चिंचेवरून पडल्याचा. लहानपणापासून नजरेखाली वाढलेला. मारका नाही. दुकानात एकटा बसवून पाहिला आहे, चोरीची सवय नाही. शिकवायच्या कामाला चांगला, आमच्या घरच्या पोरांना पाढे यानेच शिकवले. ओझ्याच्या कामाला लावून पाहिलेला नाही. खोडी दोन. सकाळी हाका मारल्याशिवाय उठत नाही, आणि बोलायला लागला की आवरत नाही. सांगितल्यापेक्षा वेगळा निघाल्यास खुशाल परत पाठवावा. मी परत घेईन.'

वाचता वाचता माझे कान तापले.

"आप्पा, हे खोडीचं तेवढं काढता का? दाखल्यात फक्त चांगलं लिहायचं असतं."

"खोटं हाय का त्यातलं काही?"

"खोटं न्हाय, पण..."

"मग राहू दे. खोड न सांगता दिलेलं जनावर आठ दिसांत माघारी येतं. मग बदनामी कुणाची? जनावराची न्हाय, लिवणाऱ्याची."

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं, की हा कागद नेला तर माझं हसं होईल, दुसऱ्या कुणाचा तरी आणू. वडिलांनी कागद वाचला आणि धोतराचा सोगा तोंडाला लावून बराच वेळ हसले. मग म्हणाले, "आप्पांनी दिलेला कागद घरात ठिवून दुसऱ्याच्या दारात जायचं? त्यांना काय वाटंल? हाच न्यायचा." मी कागदाची घडी घालून दरख्वास्तीत ठेवली.

सर्व्हिस मोटारीनं धाराशिवला पोचलो. वकीलसाहेबांच्या ओसरीवर आणखी दोघं उमेदवार बसले होते. एकाकडे तहसीलदारांचा दाखला होता, दुसऱ्याकडे कुणा जागीरदाराचा, त्यावर लाखेची मोहोर. त्यांनी मला विचारलं, तुमचा कुणाचा? मी म्हटलं, एका व्यापाऱ्यांचा. पुढचं काही सांगितलं नाही. एव्हाना माझ्या शेरवानीच्या काखा घामानं ओल्या झाल्या होत्या, आणि तो कागद मोटारीतच उडून गेला असता तर बरं, असं मला मनापासून वाटत होतं.

ते दोघं आत जाऊन आले. मग माझी पाळी आली. वकीलसाहेबांनी दरख्वास्त वाचली, हेडमास्तरांचा दाखला वाचला, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग आप्पांचा कागद उघडला. जमिनीच्या खटल्यांमुळे मोडी त्यांना सरावाची होती. ते पहिल्या ओळीला थांबले, माझ्याकडे पाहिलं, भुवईवरचा वण पाहिला आणि परत कागदात शिरले. वाचून झाल्यावर त्यांनी माझी दरख्वास्त आणि तो दाखला शेजारी शेजारी ठेवले.

"तुम्ही लिहिता, पहाटे उठतो आणि मितभाषी आहे. हे लिहितात, हाका मारल्याशिवाय उठत नाही आणि बोलायला लागला की आवरत नाही. यातलं खरं कोणतं?"

माझं कॉलेज त्या दोन कागदांच्या मधोमध लोंबकळत होतं. आप्पांना खोटं पाडलं तर माझी अब्रू वाचत होती. पण तोंडातून ते निघेना.

"आप्पांचं," मी म्हणालो.

"आणि कानडी?"

"भाव विचारण्यापुरती."

वकीलसाहेब मोठ्यानं हसले. आतून त्यांच्या मंडळी डोकावून गेल्या. "बाहेर बसलेल्या दोघांचे दाखले मी वाचले," ते म्हणाले. "तहसीलदारांनी तारीफ लिहिली, जागीरदारांनी तारीफ लिहिली. उद्या मुलगा बिघडला तर दोघांपैकी एकही जबाबदार नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या वकिलीत नोकरीच्या कागदावर 'परत घेईन' लिहिणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतोय. ही तारीफ नाही, ही जमानत आहे. जून लागला की बिऱ्हाडी या. हाका मारायला आमच्या आई आहेत, त्यांचा आवाज पुरा मोहल्ला ऐकतो." मग माझी दरख्वास्त माझ्या हातात देत म्हणाले, "ही घरी नेऊन परत लिहा. फिदवी कमी करा आणि स्वतःला थोडं जास्त घाला."

मी ओसरीवरून उतरलो ते जवळजवळ उड्या मारतच. परतीच्या मोटारीत शेजारच्या माणसाला सगळी हकीकत सांगितली. तो तुळजापूरला उतरला तेव्हा मागच्या बाकावरच्याला पहिल्यापासून सांगितली.

जळकोटला उतरलो तो घरी न जाता थेट आप्पांच्या दुकानात. आप्पा तराजूपाशी बसले होते. त्यांच्या बाजूला नेहमी ज्वारीच्या पोत्यांची थप्पी असायची, ती कुणीतरी मागच्या भिंतीला सरकवली होती. मोकळ्या जागेत धुतलेल्या खोळीची एक छोटी गादी घातली होती, पुढ्यात उतरतं मेज होतं.

"पाव्हणं येणार हायत का?" मी विचारलं.

"तुझी जागा हाय ती."

मला कळेना. आप्पांनी वजनं एकात एक घालून ठेवली आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"परत घेईन म्हून लिवून दिलं न्हवं? मग परत आलास तर तुला बसवायचा कुठं? वकिलानं न्हाय म्हटलं तर घरात तोंड लपवून बसशील. त्यापरीस इथं बसावं, चार माणसात. पुढच्या साली दुसरा वकील बघू."

तो कागद उडून जावा म्हणून मी तिकडे ओसरीवर देव पाण्यात घातले होते, आणि इकडे हा माणूस त्यातल्या एका ओळीपायी पोती हलवत होता.

"आप्पा, वकीलसाहेबांनी ठेवून घेतलं मला," मी म्हणालो.

"व्हय का?" ते एवढंच म्हणाले. उपरण्यानं त्यांनी कपाळ पुसलं, तर भस्मही पुसलं गेलं. मग म्हणाले, "बरं झालं. आता ही पोती जागेवर लावू लाग. ओझ्याला कसा चालतोस तेबी बघू."

मी शेरवानी काढून खुंटीला लावली आणि पहिलं पोतं धरलं. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि आप्पा पलीकडून पोत्याचं दुसरं टोक उचलत होते.